पिल्लू आपलीच घाण खातं तेव्हा

मी कोंढ्याहून बोलते आहे. मागच्या वेळी आपण परसबागेतल्या पालेभाज्यांबद्दल बोललो होतो. आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो जेवताना ऐकण्यासारखा नाही. कोणी ताटावर बसली असेल तर आधी दोन घास खाऊन घ्या, मग रेडिओचा आवाज वाढवा.

विषय आहे कुत्र्याच्या पिल्लाचा. पिल्लू आपलीच घाण खातं, तेव्हा काय करायचं? तुम्ही म्हणाल, हा काय गटाचा विषय झाला का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. बचत, कर्ज, शेळ्या, परसबाग हे आपले विषय. पण आमच्या एका गटात याच गोष्टीवरून एका घरात आठ दिवस भांडण चाललं, एका पोरीनं जेवण सोडलं आणि एका लहानग्याच्या डोळ्यात तिखट गेलं. त्या तिखटाला जबाबदार मीच होते. म्हणून बोलते आहे.

दिवाळीनंतरचे दिवस होते. धानकापणी जोरात होती. गटाची बैठक आम्ही संध्याकाळी घेत होतो, कारण दिवसा सगळ्या बांधीत. एक ताई उशिरा आली आणि वहीवर सही करून गप्प बसली. विचारलं तेव्हा म्हणाली, "काय सांगू मॅडम, पोरीनं पिल्लू आणलं. ते आपलंच हागलेलं खाऊन राहिलं. सासू म्हणते फेकून द्या त्याले नहराच्या पलीकडे. पोरगी म्हणते, मलेही तिकडंच सोडून द्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले. ती मात्र हसली नाही.

पोरगी पाचवीत शिकते. आठवडी बाजारात एका दुकानाच्या फळीखाली कुत्री व्याली होती. त्यातलं एक पिल्लू हिनं दप्तरात घालून आणलं. तेव्हा ते जेमतेम महिन्याचं असेल. नाव ठेवलं शेरू. घरातली मोठी माणसं दिवसभर कापणीला, पोरगी शाळेत. घरी राहायची सासू आणि दीड वर्षाचा नातू. पिल्लू पायात पायात येतं म्हणून त्याला कोठ्याच्या खांबाला हातभर दोरीनं बांधून ठेवायचे. सकाळी शिळा भात आणि पेज, रात्री उरलंसुरलं. ते जिथं बसायचं तिथंच हागायचं आणि नंतर तेच खायचं. घरच्या माणसानं एकदा पाहिलं, दोन फटके दिले आणि त्याचं नाक त्या घाणीत घासलं. असं केल्यानं कुत्र्याला समजतं, असं आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. झालं उलटंच. पिल्लू माणूस दिसला की घाईघाईनं खायला लागलं. मोकळं सोडलं की तणसाच्या ढिगामागं जाऊन हागायचं आणि तिथंच उरकून यायचं. आणि वर येऊन लहानग्याचं तोंड चाटायचं.

आता माझी चूक सांगते. मी गटाची समन्वयक. चार प्रशिक्षणं केलेली, त्यामुळे काही विचारलं की उत्तर द्यायची सवय लागली आहे. मी लगेच सांगून टाकलं, "घाणीवर तिखट टाका, एकदा तोंड पोळलं की सोडेल." कुठं तरी ऐकलं होतं. ताईनं तिखट टाकलं. शेरूनं बाजूबाजूचं खाल्लं. आणि लहानगा रांगत गेला, त्यानं त्यात हात घातला आणि तोच हात डोळ्याला लावला. पोर तासभर किंचाळत होतं. स्वच्छ पाण्यानं डोळा धूत राहिले, तेव्हा कुठं शांत झालं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सासूबाई मला फक्त एवढंच म्हणाल्या, "बाई, तुमचं शिकलेलं राहू द्या."

त्यानंतर मी आणि ती ताई पिल्लाला पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेलो. मला वाटलं डॉक्टर पिल्लाचं तोंड बघतील, औषध लिहून देतील. त्यांनी पिल्लाचं पोट दाबून पाहिलं. पोट डमरूसारखं फुगलेलं, बरगड्या मात्र दिसत होत्या. मग त्यांनी ताईला विचारलं, "घरात लहान मूल आहे का? ते शी कुठं करतं? आणि ती शी कोण उचलतं?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "अंगणातच करते. मग सासू यू यू करून शेरूले बोलावते. तो साफ करून टाकते."

तायांनो, यात हसण्यासारखं काही नाही. हे आपल्या किती तरी घरांत चालतं. माझ्या माहेरीही चालायचं. पोरानं अंगणात शी केली की कुत्र्याला हाक मारायची. पाणी वाचतं, हात घाण होत नाही. तान्ह्या मुलाची शी म्हणजे काय घाण, दूधच तर पितं ते, असं आपण म्हणतो. म्हणजे दिवसा आजी हाक मारून घाण खाऊ घालते आणि संध्याकाळी बाप तीच गोष्ट केली म्हणून मारतो. त्या पिल्लानं काय समजायचं?

डॉक्टरांनी जे सांगितलं आणि नंतर मी वाचून जे समजून घेतलं, ते आता सांगते.

पहिली गोष्ट, पिल्लानं घाण खाणं हा काही रोगच असतो किंवा वेडेपणा असतो असं नाही. कुत्री व्यायल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना आपलं आपण हागता-मुतता येत नाही. आई त्यांना खालून चाटते, तेव्हा त्यांना होतं आणि ती ते गिळून टाकते. बसायची जागा कोरडी राहते, वासानं दुसरं जनावर येत नाही. आपण बाळंतिणीच्या खोलीत दुपटी बदलतो, तसंच ते. तिला कोणी घाणेरडी म्हणत नाही. पिल्लू हे बघतच मोठं होतं, आणि त्या वयात ते जगातली प्रत्येक वस्तू तोंडानंच ओळखतं. चप्पल, शेण, लेंड्या, माती, सगळं. बहुतेक पिल्लं वर्षाच्या आत ही सवय आपोआप सोडतात. आपण ती पक्की केली नाही तर.

ती पक्की कशानं होते? भुकेनं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खायला लागतं. आपल्या भंडाऱ्यात भाताला तोटा नाही, म्हणून कुत्र्यालाही भातच. पण नुसत्या भात-पेजेवर पिल्लू वाढत नाही. त्याला वरण घट्ट घाला, उकडलेलं अंडं कुस्करून घाला, तलावातली मासळी घरी आली तर काटे काढून उकडून घाला. मीठ-मसाला नको, कांदा तर अजिबात नको, कुत्र्याला कांदा बाधतो. कोंबडीची शिजवलेली हाडंही नकोत, ती मोडून टोकदार होतात आणि आत टोचतात. वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. फोडणी घालायच्या आधी वाटीभर वरण बाजूला काढलं की झालं.

दुसरं कारण, पोटातले जंत. पिल्लू जे खातं ते अर्धं जंतच खातात, मग ते सारखं वखवखलेलं राहतं. इथं मला स्वतःला एक नवीन गोष्ट कळली. पिल्लाला जंत बाहेरूनच होतात असं नाही. आईच्या अंगात जंतांची बारीक पिल्लं निपचित पडलेली असतात. कुत्री गाभण राहिली की ती जागी होतात आणि पोटातल्या पोटात पिल्लांत जातात. उरलेली दुधातून जातात. म्हणून गावातलं जवळपास प्रत्येक पिल्लू जंत घेऊनच जन्मतं. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंताचं पहिलं औषध, मग तीन महिन्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. शेरूला दोन महिन्यांत एकदाही मिळालं नव्हतं.

आपल्या पोरांना वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी मिळते. २०१५ पासून हा राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू आहे. शेळीलाही आपण पावसाळ्याच्या आधी औषध पाजतो, पशुसखी आठवण करून देते. कुत्र्याची आठवण कोणाला होत नाही, कारण ते विकायचं नसतं. पण एक सांगते, शेळीच्या बाटलीतलं झाकणभर ओतून पिल्लाला पाजू नका. औषध वजनावर ठरतं. दीड किलोच्या पिल्लाला किती, ते डॉक्टरच सांगतील.

तिसरं कारण, बांधून ठेवणं. हातभर दोरीत पिल्लू हागणार कुठं? तिथंच. आणि दिवसभर करणार काय? समोर जे आहे त्याच्याशीच खेळणार. चौथं कारण म्हणजे मार. त्याला एवढंच समजतं की ही गोष्ट जमिनीवर दिसली की माणूस मारतो. मग तो ती दिसू देत नाही. खाऊन टाकतो. नाक घासणाऱ्यांना मी आता हेच सांगते.

मग आम्ही काय केलं? काही फार नाही. मुख्य काम एकच होतं, घाण पडली की लगेच उचलायची. नसेल तिथं खाणार काय? पिल्लाचं गणित सोपं असतं. झोपेतून उठलं की आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याला होतं. त्या वेळी त्याला कोठ्याच्या मागं एकाच ठरलेल्या जागी न्यायचं. झालं की लगेच लाडानं नाव घेऊन हाक मारायची आणि आपल्या हातातला पोळीचा तुकडा द्यायचा. तो तुकडा खाईपर्यंत दुसरीनं फावड्यानं घाण उचलायची. ओरडायचं नाही, त्याच्याशी ओढाताण करायची नाही, धावत तर मुळीच जायचं नाही. धावलं की त्याला वाटतं, आपल्या तोंडातलं हिसकावायला आले, मग ते आणखी पटकन गिळतं. हे काम पोरीनं घेतलं. शाळेच्या आधी आणि शाळेतून आल्यावर. दुपारचं आजीकडे आलं. आजी आधी कुरकुरली, पण नातवाचा डोळा तिनं पाहिला होता.

आणि नातवाची शी? ती संडासात. आपल्या घरोघर संडास झाले, मोठी माणसं जातात, पण लहान मुलाची शी अजून अंगणात, गटारात नाही तर उकिरड्यावर जाते. मूल जुन्या टोपल्यात नाही तर कागदावर बसवायचं, ते संडासात ओतायचं, पाणी टाकायचं, कागद वेगळा पुरायचा आणि साबणानं हात धुवायचे. आपले आणि मुलाचेही. लहान मुलाच्या शीमध्ये रोगाचे जंतू मोठ्या माणसापेक्षा कमी नसतात. कुत्र्यानं ती खाल्ली म्हणजे ती नाहीशी झाली नाही. तीच त्याच्या तोंडाला लागून परत आपल्या ओसरीवर आली.

आता परसबागेचं बोलते, कारण या सगळ्यात मला जास्त भीती तिची वाटते. पिल्लू बांधलेलं नसलं की भुसभुशीत माती शोधतं. भुसभुशीत माती कुठं असते? आपल्या मेथी-पालकाच्या वाफ्यात. कुत्र्याच्या घाणीतून जंतांची अंडी पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. ताज्या घाणीतली गोल जंतांची अंडी लगेच लागत नाहीत, ती मातीत पिकायला दोन-तीन आठवडे लागतात. पण एकदा पिकली की त्या मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. घाण दिसेनाशी होते, अंडी राहतात. मूल त्या मातीत खेळून बोट तोंडात घालतं. अशा अंड्यांतून निघालेल्या अळ्या माणसाच्या पोटात मोठ्या होत नाहीत, पण अंगभर भटकतात. काळजात, फुप्फुसात जातात आणि कधी डोळ्यात जाऊन नजर अधू करतात. दुसरे अंकुशासारखे जंत असतात, त्यांच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरतात. पायावर लाल, वळवळती, खाजणारी रेघ दिसते.

म्हणून ज्या दिवशीची घाण त्याच दिवशी उचलायची, हा हिशेब फक्त पिल्लानं खाऊ नये म्हणून नाही. अंडी पिकायच्या आधीच ती मातीतून जावीत म्हणूनही आहे. उचलून टाकायची कुठं? संडासात, किंवा विहीर, बोअर आणि वाफे यांपासून लांब हातभर खड्ड्यात, वरून माती. शेणखताच्या खड्ड्यात किंवा गांडूळखताच्या बेडमध्ये कुत्र्याची घाण टाकू नका. शेण वेगळं आणि हे वेगळं. वाफ्याभोवती काट्यांची फांदी किंवा जुनी जाळी लावा. आणि वाफ्यातून आलेली भाजी दोन पाण्यांनी धुवा, घरची आहे म्हणून नुसती झटकू नका.

एक गंमत सांगते. ही तक्रार फक्त आपल्या कोठ्यातली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी कुत्री पाळणाऱ्या हजारो लोकांना याबद्दल प्रश्न विचारले आणि २०१८ साली ते छापलं. तिथंही सहा-सात कुत्र्यांमागं एक कुत्रं हे वारंवार करतं. तिथली कुत्री सोफ्यावर झोपतात, डब्यातलं खातात, तरीसुद्धा. आणि तीही जास्त करून ताजी, दोन दिवसांच्या आतली घाणच खातात. त्या पशुवैद्यकांचा अंदाज असा की ही लांडग्यांच्या काळापासूनची सवय असावी, अंडी पिकायच्या आधीच बसायची जागा साफ करून टाकायची. तिथं ही खोड सोडवायला गोळ्या आणि पावडरी विकत मिळतात. त्यांचा उपयोग शंभरात दोघांनाही धड झाला नाही. म्हणजे माझं तिखट काही अगदीच वेगळं नव्हतं, एवढंच मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणते. पण तिखट, फिनाईल, रॉकेल यातलं काही टाकू नका. पिल्लाच्या पोटात जातं आणि मुलाच्या हाताला लागतं.

काही वेळा मात्र थांबायचं नाही. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची हगवण लागली तर तो पार्व्हो असू शकतो. तो कुत्र्यांमध्ये घाणीतूनच पसरतो आणि पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो टाळायची लस दीड-दोन महिन्यांच्या वयात देतात. मोठं, शहाणं कुत्रं अचानक घाण खायला लागलं, खूप खाऊनही वाळत चाललं, तरी दाखवून घ्या, आत काही आजार असू शकतो. फोन करायचा तर पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे.

आणि तीन महिन्यांचं झालं की पिसाळ रोगाची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. पिल्लू चावलं तर आपण "दुधाचे दात आहेत" म्हणून सोडून देतो. तसं करू नका. पिल्लाच्या दातानं ओरखडा आला, रक्त आलं, तरी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरकारी दवाखान्यात जायचं. हळद नाही, चुना नाही, मांत्रिक तर नाहीच.

शेरूचं काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. पहिल्या औषधानंतर दोन दिवस त्याच्या घाणीत शेवयांसारखे जंत पडले. पोरीनं सगळ्या मैत्रिणींना बोलावून दाखवले, तिच्या आईनं मला फोन करून सांगितलं. पोट उतरलं, बरगड्या भरल्या. घाण खाणं एकदम थांबलं नाही. पहिले पंधरा दिवस रोज लक्ष ठेवावं लागलं, मग आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. गावात लग्न होतं तेव्हा दोन दिवस कोणी उचललं नाही, तर पुन्हा सुरू केलं. पुन्हा उचलायला लागले, पुन्हा कमी झालं. आता तो सात-आठ महिन्यांचा आहे. शेळ्यांच्या लेंड्या अजून खातो, त्याला काही इलाज सापडला नाही, आणि डॉक्टर म्हणाले, तेवढं चालू द्या.

गटात आम्ही एक केलं. महिन्यातून एकदा एकमेकींच्या परसबागा बघायला जातोच, तेव्हा वाफ्यात कुत्र्याची घाण आहे का आणि घरातल्या लहान मुलाची शी कुठं टाकतात, हे दोन्ही विचारायचं. पहिल्या महिन्यात बायका चिडल्या. एक तर म्हणाली, "आता आमच्या पोरांचं हागणंही वहीत लिहिता का?" लिहिलं. ज्या घरी कुत्रं आहे, त्या घरापुढं जंताच्या औषधाची तारीखही लिहिली. सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी न्यायचं ठरवलं आणि पशुसखीला आधी सांगून ठेवलं. पहिल्या खेपेला अकरा कुत्री होती. त्यांची आपसांत जी भांडणं झाली, ती निराळीच. पुढच्या खेपेला दोन-दोन करून नेणार आहोत.

सासूबाई अजून मला मॅडम म्हणत नाहीत. परवा गेले तेव्हा ओसरीवर बसल्या होत्या, नातू टोपल्यावर बसला होता आणि शेरू चार हातांवरून बघत होता. त्यांनी काठी उचलली, पण मारली नाही. "जाय रे, तुझं काम संपलं आता," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खेपेला गाभण शेळीच्या खुराकाबद्दल बोलू. नमस्कार.